स्टिअरिंग डावीकडे

दुबईला उतरलो तेव्हा माझ्या पाकिटात अवजड वाहनाचं लायसन होतं. त्यावर धोकादायक माल वाहून नेण्याचा शेरा होता. शिवाय महाड एमआयडीसीतल्या तीन-चार ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर होते, ज्यांना रात्री-अपरात्री विचारलं असतं तरी ‘माणूस भरवशाचा आहे’ असं त्यांनी डोळे चोळत सांगितलं असतं. तिथे या तिन्हींपैकी कशाचाच उपयोग झाला नाही. भारतातलं लायसन दाखवून तिथे ट्रक चालवता येत नाही. क्लास नव्याने, लेखी परीक्षा नव्याने, मग यार्डातली, मग रस्त्यावरची. माझ्या बॅचमध्ये केरळातून आलेला विशी-बाविशीचा पोरगा होता. त्याने जन्मात ट्रकचं दार उघडलेलं नव्हतं. इन्स्ट्रक्टरने आम्हा दोघांना एका सुरात तेच ऐकवलं: पट्टा लावा, आरसा बघा, विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका.

आमच्याकडे आखातात जाणं नवीन नाही. दासगाव, वहूरच्या बाजूला, पुढे म्हसळा-श्रीवर्धनकडे, घरटी कोणीतरी कुवेतला, कतारला असतो. पण पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्या मुंबईकडे जातात. आमच्यासाठी परदेश म्हणजे वर्षानुवर्षं लालबाग नि घाटकोपर. त्यामुळे मी सुट्टीवर आलो की लोक दोनच प्रश्न विचारत. किती मिळतात, आणि उकडतं किती. कामाचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. तेच काम, तेच चाक, तोच ब्रेक, फक्त जागा बदलली, असं सगळ्यांनी धरलं होतं. जाण्याआधी मीही तसंच धरलं होतं.

शाळा नववीपर्यंत. कापड्याच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचं घर. महाबळेश्वरकडून येणाऱ्या गाड्या ब्रेक गरम करून खाली उतरायच्या आणि त्या जळक्या लायनरचा वास आमच्या अंगणापर्यंत यायचा. त्या वासानेच बहुधा मी ट्रकवर क्लीनर म्हणून गेलो. क्लीनर म्हणजे गाडी पुसणारा पोरगा, असं बाहेरच्यांना वाटतं. घाटात क्लीनर हा ड्रायव्हरचा डावा डोळा असतो. गाडी मागे घेताना तोच उतरतो, चढावर थांबलो तर चाकामागे दगड तोच लावतो, उस्तादाला डुलकी लागतेय हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. माझा उस्ताद पोलादपूर बाजारपेठेतला. गाडी हातात द्यायला त्याने काही वर्षं घेतली. तोवर एकच शिकवण: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. घाट न्यूट्रलवर काढून डिझेल वाचवणारे पुष्कळ होते. त्यांच्यातले काही आज नाहीत.

पुढे महाडच्या एमआयडीसीत अ‍ॅसिडच्या टँकरवर लागलो. बिरवाडीकडून महामार्गावर येताना जे टँकर दिसतात ते बारके दिसतात, अर्धवट भरल्यासारखे. तसं नसतं. सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्यापेक्षा पावणेदोन पटीहून जास्त जड असतं. सोळा टन अ‍ॅसिडला नऊ हजार लिटरची टाकीसुद्धा पुरून उरते. या मालाची गंमत अशी की तो पूर्ण कडक असला की साध्या लोखंडाच्या टाकीतही गप्प बसतो, आणि आत जरा पाणी शिरलं, माल पातळ झाला की तेच लोखंड खायला लागतो. म्हणून झाकणाची रबरं आम्ही घरच्या दारापेक्षा जास्त जपायचो. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असायचं, गळती झाली तर काय करायचं ते लिहिलेलं. आधी तीन दिवसांचं ट्रेनिंग, मग दर वर्षी एक दिवस उजळणीला बसून लायसनवरचा तो शेरा नवा करून घ्यावा लागे.

पण या कामातलं खरं कसब कार्डावर नव्हतं. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट, हे पाठीला कळतं. ब्रेक मारला की गाडी थांबते आणि माल थांबत नाही, तो पुढे येऊन आदळतो. वळणात तो बाहेरच्या अंगाला चढतो. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. महाडहून लोट्याला माल न्यायचा म्हणजे कशेडी घाट ओलांडायचा. त्या घाटात कुठल्या वळणावर पावसात दगड येतात, कुठे खेडकडून येणारी एसटी आत घुसते, भोगावच्या हद्दीत रस्ता यंदा कुठून खचलाय, हे सगळं डोक्यात असायचं. धुक्यात पुढचं दिसत नसलं तरी मला माझी जागा कळायची. आणि माणसं. फॅक्टरीच्या गेटवरचा वॉचमन, वजनकाट्यावरचा मुलगा, लोणेऱ्याजवळ गाडी बंद पडली तर रात्री दोनला उठून येणारा मेकॅनिक, महिन्याच्या महिन्याला हिशेब करणारा धाबेवाला. यातलं निम्मं माझं कसब नव्हतं, ओळख होती. पण हे तेव्हा वेगवेगळं करून बघायची गरजच पडली नाही. सगळं मिळून मी स्वतःला चांगला ड्रायव्हर म्हणत होतो.

गावात अजून समज आहे की सावित्रीचा पूल गेला म्हणून मी हा धंदा सोडून परदेशी गेलो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा तो जुना, इंग्रजांच्या काळातला कमानींचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी आणि एक छोटी गाडी त्यात गेली. त्या पुलावरून मी किती वेळा गेलो होतो याचा हिशेब नाही. त्या रात्री मी घरी होतो. पुढचे कित्येक दिवस महाडचे सगळे ड्रायव्हर एकमेकांना फोन करून कोण कुठे आहे ते विचारत होते, कामधंदा नसल्यासारखे. भीती बसली हे खरं. पण त्यामुळे कोणी गाडी सोडली नाही, मीही नाही. खेपा करत राहिलो. माझ्या जाण्याचं कारण त्याहून साधं होतं. दोन मुलींची शाळा, घराचा अर्धवट स्लॅब, आणि खेपेमागे मिळणारा भत्ता, जो डिझेलच्या भावाबरोबर कधी वाढला नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी त्याच नव्या पुलावरून मी विमानतळाला गेलो, टँकरमधून नाही, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टला ईसीआरचा शेरा लागतो. असा माणूस आखातात किंवा इतर ठरावीक देशांत नोकरीला जाणार असेल तर सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. १९८३च्या कायद्यातली ही तरतूद. आमच्यासारख्यांना फसवलं जाऊ नये म्हणूनच ती आहे. नोंदणीकृत एजंटने तीस हजार रुपये आणि वरचा कर एवढंच घ्यावं असाही नियम आहे. मला सांगितलेला आकडा लाखाच्या पुढचा होता आणि पावती तीस हजारांची. ही गोष्ट इतक्या सरळपणे, चहा पाजून सांगितली गेली की भांडायचं कुठून सुरू करावं ते कळेना. कर्ज काढलं. पहिल्या वर्षाची बरीचशी कमाई त्यात आणि लायसनच्या खर्चात गेली, कारण तो खर्चही कंपनीने पगारातून वळता केला.

लायसनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथेच माझी जिरली.

लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि ती हिंदीतही देता येते. ती सोपी गेली. यार्डात अडलं. महाडला मी चालवायचो तो टँकर एकाच चासीवरचा, दहा टायरी. तिथे जोडगाडी. पुढे घोडा, मागे ट्रेलर. पठाण ड्रायव्हर त्याला ट्रेला म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. ट्रेला मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. शेपूट उजवीकडे न्यायचं तर घोडा आधी डावीकडे. त्यात स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने चालवायची, गिअर उजव्या हाताला. पहिले काही दिवस मी गाडीत चढायला चुकीच्या दाराशी जायचो. डाव्या हाताला काहीच काम नाही म्हणून तो दारावर आपटायचा. डोक्याला समजलेलं हाताला समजायला वेळ लागतो. केरळी पोराच्या हातांना विसरण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे तो माझ्या आधी पास झाला.

रस्त्यावरच्या परीक्षेत वेगळीच अडचण. मी आरसा डोळ्यांनी बघतो. कोणताही जुना ड्रायव्हर असाच बघतो, मान हलवत नाही. परीक्षकाला मान हललेली दिसायला हवी. त्याने मला ‘आरसा पाहिला नाही’ म्हणून घरी पाठवलं. कॅम्पवर आल्यावर मी तणतणलो. तिथला एक पठाण, स्वातकडचा, दाढी पांढरी झालेला, शांतपणे म्हणाला, ‘उसको तेरी आँख नहीं दिखती, गर्दन दिखती है. गर्दन हिला.’ पुढच्या वेळी मी मान अशी हलवली की शेजारच्या शिकाऊ पोराला हसू आलं. पास झालो.

त्या परीक्षकाचा राग माझ्या मनात बरीच वर्षं होता. आता वाटतं, त्याला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं त्याचं कामही नव्हतं. महाडला मला कोणी कधी तपासलंच नाही. माझ्या उस्तादाचं नाव सांगितलं की काम व्हायचं.

मग हॉर्न. घाटात हॉर्न म्हणजे बोलणं असतं. वळणाआधी लांब हॉर्न, म्हणजे मी येतोय. दोन छोटे, म्हणजे जा तू पुढे. एसटीवाल्याचा हॉर्न ओळखू यायचा, त्याच्यावरून तो कुठल्या डेपोचा हेसुद्धा काही जण सांगायचे. (हे जरा वाढवून सांगायचे, पण सांगायचे.) तिथे हॉर्न वाजवला की समोरचा शिवी दिल्यासारखा वळून बघतो. दिव्यांची भाषाही उलटी. आपल्याकडे समोरच्याने दिवे मारले तर ‘थांब, मी आधी निघतो’. तिथे मागून कोणी दिवे मारले तर ‘बाजूला हो’. सहा पदरी रस्त्यावर, रात्री, एकही खड्डा नाही, एकही जनावर नाही, कोणी बोलत नाही. मला झोप यायची. घाटात कधी आली नव्हती.

आणि क्लीनर नाही. ही गोष्ट मी कोणाला समजावू शकलो नाही, अगदी बायकोलाही. केबिनमध्ये दुसरी सीट रिकामी. गाडी मागे घ्यायची तर आरसे आणि कॅमेरा. टायर बघायला स्वतःच उतरायचं. कोणाला ओरडायचं नाही, कोणाला चहा आणायला पाठवायचं नाही, रात्री दोनला कोणी ‘उस्ताद, गाणं लावू?’ असं विचारत नाही. पठाणांनी यावर तोड काढली होती. ट्रेल्याच्या बाजूच्या पेटीत शेगडी, पातेली, पिठाचा डबा. ट्रकांच्या थांब्यावर चार गाड्या लागल्या की सावलीत चादर पसरायची. तिथे मी पहिल्यांदा कोणाच्या तरी शेजारी बसून जेवलो. त्या वयस्कर पठाणाला मी उस्ताद म्हणायला लागलो, तेव्हा तो हसला. त्याच्या मुलाचं वय माझ्याएवढं होतं.

माझं काम खडीचं. फुजैरा आणि रास अल खैमाच्या डोंगरांत खाणी आहेत. तिथून खडी भरून दुबई-अबुधाबीच्या काँक्रीट प्लँटवर टाकायची. माझ्या वाट्याला डोंगर आला हे नशीब म्हणायचं. हजर पर्वताचे ते उतार आपल्या घाटांसारखे वळणावळणांचे नाहीत, झाडं तर नाहीतच, पण उतार तो उतार. गाडी-मालासकट पन्नास-साठ टन वजन घेऊन खाली येताना मी आपोआप खालचा गिअर टाकला, इंजिनाच्या ब्रेकवर गाडी धरली, पायाचा ब्रेक राखून ठेवला. खाली आल्यावर उस्तादाने माझ्या चाकांच्या ड्रमजवळ हात नेला. तापलेले नव्हते. ‘तू पहाड़ का है,’ एवढंच म्हणाला. त्या देशात माझ्या कामावर कोणी दिलेला तो पहिला शेरा. त्यानंतर नवीन आलेल्या पोरांना तो माझ्या मागोमाग उतरायला सांगायचा.

तेव्हा कुठे मला माझ्या धंद्याची वाटणी दिसायला लागली. वजन कसं वागतं, ब्रेक केव्हा दमतो, मोठी गाडी वळवताना मागची चाकं किती आत येतात, हे विमानात बसून माझ्याबरोबर आलं होतं. वळणं, हवा, माणसं, शब्द, नाव, हे सगळं कशेडीत राहिलं. महाडला असताना मला वाटायचं की दुसरा भाग जास्त मोलाचा. तिथे कळलं की पहिल्यावर पोट चालतं.

आणखी एक सांगायला हवं, जे इथे कोणाला आवडत नाही. ओळख नसण्याचा फायदाही असतो. तिथे नियम मोडला तर रस्त्यावरचा कॅमेरा दंड लावतो, परवान्यावर काळे पॉइंट चढतात, चोवीस झाले की लायसन जप्त. कॅमेऱ्याला तुमचा मामा कोण ते समजत नाही. पण कुठल्याही नाक्यावर मला कधी चहापाणी द्यावं लागलं नाही. इथे खेपेच्या हिशेबात त्याचं एक वेगळं कलम असायचं आणि मालकालाही ते माहीत असायचं. पगार २००९पासूनच्या सरकारी पद्धतीप्रमाणे बँकेतून यायचा. उशीर झाला तर झाला, पण कागद राहायचा. रात्री माल उतरवायला उशीर झाला तर मालकाच्या मर्जीवर नाही, यंत्रातल्या वेळेवर भत्ता मिळायचा. इथे भरवशाचा माणूस म्हणून मी कित्येक खेपा फुकटच्या धावपळीत केल्या आहेत. भरवशाच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तिथे मला कोणी भरवशाचा समजत नव्हतं, त्यामुळे मी नाही म्हणायला शिकलो.

पैशाचं थोडक्यात. गेलो तेव्हा दिरहमला साडेसतरा रुपयांच्या आसपास मिळायचे, २०२४ संपता संपता तेवीसच्या जवळ. पगार फारसा वाढला नाही, रुपया पडत गेला, आणि घरी पाठवलेल्या रकमेला मात्र बढती मिळत गेली. स्लॅब पडला. थोरली लोणेऱ्याला शिकते. कर्ज फिटलं. आठ जणांच्या खोलीत राहून, तेलंगणातल्या जगतियालच्या माणसाच्या हातचं आंबट वरण खाऊन हे झालं. कोविडच्या वर्षात बांधकामं थंडावली, खेपा कमी झाल्या, मूळ पगारावर दिवस काढले. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांनीच काढले.

२०२१च्या जुलैबद्दल मात्र लिहायला हवं. बकरी ईदची सुट्टी होती. गाड्या उभ्या. उस्तादाकडे जेवण होतं. २२ तारखेला सकाळपासून घरी फोन लागेना. महाडात पाणी शिरलं एवढं कळलं, मग टॉवरच गेले. बातम्यांत महाडची बाजारपेठ दिसत होती, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस पडला होता. ते पाणी खाली कुठे येतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. सावित्री, आणि आमचा ओढा. मग तळियेची बातमी आली. दरड आली आणि वाडीच्या वाडी गेली, ऐंशीहून जास्त माणसं. मग केवनाळे, साखर सुतारवाडी. ही नावं टीव्हीवरच्या बाईला नीट उच्चारता येत नव्हती. कापड्याचं नाव तिने घेतलं नाही. ती ते घेणार नाही, याचीच मी वाट बघत होतो.

माझ्या घरचे सुखरूप होते, हे दुसऱ्या दिवशी रात्री कळलं. पण मधल्या वेळात मला जे झालं ते भीतीपेक्षा वेगळं होतं. मी इथे असतो तर मला माहीत होतं काय करायचं. कुठला रस्ता उघडा असेल, कुठे डोंगराला आधी पाणी फुटतं, कोणाकडे जेसीबी आहे, कोणाचा ट्रक वर जाऊ शकतो. सगळी माहिती डोक्यात होती आणि ती एका भाड्याच्या खोलीत, बंकवर बसून होती. माझ्या जुन्या टँकरवरचा क्लीनर, जो आता स्वतः गाडी चालवतो, त्याने त्या आठवड्यात महाडला पाण्याचे टँकर फिरवले. मला त्याचा हेवा वाटला. असा हेवा पैशाच्या बाबतीत कधी कोणाचा वाटला नाही.

तिथल्या पावसाची गंमतही सांगतो. १६ एप्रिल २०२४ला अमिरातीत पाऊस झाला. १९४९पासून मोजतात त्यातला सगळ्यात मोठा. अल ऐनच्या भागात एका ठिकाणी दिवसात २५४ मिलिमीटर. आमच्याकडे जुलैत हे कोणी पेपरात छापणार नाही. पण तिथे पाणी जायला नाले नाहीत, ओढे नाहीत, रस्ता भुयारी मार्गात उतरतो आणि तिथेच पाणी साचतं. मी भरलेली गाडी घेऊन दुबईच्या बाहेरच्या रस्त्यावर होतो. समोर पाणी दिसल्यावर मी उंचवट्यावर गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. रस्त्याची कड दिसत नसेल तर पाण्यात गाडी घालायची नाही, हे मला महाडच्या पोराटोरांनाही माहीत असलेलं ज्ञान वाटत होतं. शेजारून महागड्या गाड्या पाण्यात शिरत होत्या आणि तरंगायला लागत होत्या. कंपनीचा सुपरवायझर फोनवर म्हणत होता, पुढे ये, पुढे ये. मी नाही म्हटलं. रात्रभर तिथेच काढली. माझ्या मागे आणखी काही ट्रेले येऊन थांबले, का थांबलोय ते विचारलं आणि थांबून राहिले. उस्ताद तेव्हा रिटायर होऊन स्वातला गेला होता. नाहीतर शेगडी पेटली असती.

कामाचं चित्र तिथेही बदलत होतं. २०२३च्या सुरुवातीला तिथली मालगाडी देशभर सुरू झाली. खाणीतली खडी रेल्वेच्या डब्यांतून जायला लागली तर आमच्या लांबच्या खेपा किती दिवस टिकणार, हे थांब्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. करार संपत आला, मी नवा केला नाही.

परत आल्यावर वाटलं होतं, आता आपल्याच रस्त्यावर चाललोय, शिकायला काही नाही. पहिल्या आठवड्यात लोट्याला गेलो. कशेडीचा बोगदा झालाय. २०२३च्या गणपतीआधी त्यातली एक बाजू उघडली, मग दुसरी. जवळपास दोन किलोमीटर सरळ भोक. घाटाचा पाऊण तास गेला, दहा-पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे. ट्रकला तर त्याहून फायदा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ब्रेक, डिझेल, टायर, आणि जीव, सगळं वाचतं. पण भोगावचा खड्डा कुठे, दगड कुठल्या वळणावर, हे माझं सगळं ज्ञान त्या बोगद्याच्या वर डोंगरात राहिलं. आता तिथून जाणाऱ्या पंचविशीतल्या ड्रायव्हरला त्याची गरज नाही. त्याला गरज आहे मान हलवून आरसा बघण्याची, लेन न सोडण्याची आणि चार पदरी रस्त्यावर झोप न येऊ देण्याची. म्हणजे मी तिकडे जे शिकलो त्याची. तो मात्र बोगद्यातही हॉर्न वाजवतो.

माझ्याकडे आता पुन्हा टँकर आहे, पुन्हा तोच शेरा, पुन्हा तीन दिवसांचं ट्रेनिंग. स्टिअरिंग उजवीकडे आलं तेव्हा दोन दिवस उजवा हात गिअर शोधत दारावर आपटत होता. गेटवरचा वॉचमन बदललाय. वजनकाटा कॉम्प्युटरवर चालतो. मालकाने भत्ता सांगितला तेव्हा मी विचारलं, वाट बघायला लागली तर तासाचे किती? त्याला वाईट वाटलं. म्हणाला, तू आधी असा नव्हतास. मी म्हटलं, तेव्हा विचारलं नव्हतं, आता विचारतोय. आकडा ठरला.

भाचा मागे लागलाय. मामा, मलाही पाठव. दहावीला दोन विषय राहिलेत त्याचे. मी त्याला सांगितलंय, आधी ते दोन विषय काढ, म्हणजे पासपोर्टवर तो शेरा पडणार नाही आणि एजंटचे पाय कमी धरावे लागतील. एजंटला पावती जेवढ्याची तेवढेच पैसे द्यायचे, मग तो कितीही गोड बोलो. आणि जायच्या आधी ट्रेलर मागे घ्यायला शीक, तिथे जाऊन पगारातून शिकू नकोस. ट्रेलर शिकायचा तर उरणला जायला हवं, न्हावाशेवा बंदराच्या कंटेनरवर. ट्रेलरवर हल्ली क्लीनर ठेवत नाहीत, मालकाला तो खर्च नको असतो. पण पोलादपूरचाच एक जुना ड्रायव्हर तिथे आहे, माझ्या पहिल्या उस्तादाच्या हाताखालचा. त्याला फोन केला, उस्तादाचं नाव सांगितलं. पुढच्या महिन्यापासून पाठव म्हणाला.